अल्बममधला बाईचा आवाज

नाव : शर्वाणी गौरव दाबके, वय ४१ वर्षे, व्यवसाय : घरगुती डबे पुरवणे, राहणार शॅनन, आयर्लंड.

मी गार्डा (पोलीस) स्टेशनात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, तक्रारदार निमिष हा माझा सख्खा धाकटा दीर आहे. तो हॉटेलांमधून कंट्री गाणी गातो. त्याआधी, नवखा असताना, त्याने जुन्या लोकप्रिय हिंदी-मराठी गाण्यांचा एक अल्बम काढला होता. त्यातल्या सगळ्या द्वंद्वगीतांत बाईचा आवाज माझा आहे. कव्हरवर माझे नाव नव्हते. विचारले तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, घरच्या माणसाचं काय नाव घालायचं? परकं वाटतं."

यंदा त्याने तो अल्बम पुन्हा काढला. या वेळी कव्हरवर त्याची बायको अपूर्वा हिचे नाव व फोटो आहे. ती घरची नसावी. तिला गाता येत नाही. आयत्या बिळावर नागोबा. कव्हर पाहिले त्या दिवशीच मी ठरवले की याची भरपाई चारचौघांत घ्यायची.

शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. रेकॉर्डिंगवर अपूर्वाने नुसते ओठ हलवायचे, असे ठरले होते. साउंडला बाहेरचा माणूस बसवला तर बोभाटा होईल, म्हणून निमिषने मलाच बसवले. "तू काय, घरचीच आहेस," म्हणाला. मी लगेच हो म्हटले.

दुसऱ्या गाण्यात बाईचे कडवे आले तेव्हा मी आवाजाचा ट्रॅक बंद केला, वाद्ये चालू ठेवली. अपूर्वाचे ओठ हलत होते. ते मी पोटभर पाहिले. मग टेस्टिंगचा माइक घेऊन उरलेले कडवे जागेवरूनच गायले. लोक खुर्च्या वळवून बघू लागले. शेजारची आयरिश बाई "फेअर प्ले टू यू", म्हणजे शाब्बास, म्हणाली. माझे पती डॉ. गौरव धावत आले. "शर्वाणी, बंद कर, घरची अब्रू जातेय." मी गाणे संपवूनच उठले.

साउंडच्या यंत्राची मोडतोड केल्याची तक्रार खोटी आहे. मी काहीही तोडलेले नाही. मला पश्चात्ताप नाही. "चुकून बोट लागलं, असं सांग," असे पतींनी येताना गाडीत बजावले होते.

जबाब दुभाष्याने मला मराठीतून वाचून दाखवला. त्यात "आवाज बंद झाला" असे होते. ते खोडून "मी मुद्दाम बंद केला" असे लिहायला लावले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.