दोन बोटं सैल

मिस्त्री : नाही बसणार, मावशी. शेगडीचं धूर सोडायचं तोंड आठ इंची, भिंतीतला धुराचा पाइप सहा इंची.

आई : जरा दाबून बघ ना.

मिस्त्री : दाबून झालं, फिरवून झालं. लोखंड आहे ते, ऐकत नाही.

मुलगी : पण आठ हे माप आईनंच दिलं. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेत हिनं. हिचं माप चुकेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही!

आई : चुकलं नाही. मोजलं तेव्हा सहाच भरलं.

मुलगी : मग मला आठ का सांगितलंस?

आई : दोन बोटं सैल ठेवलं. मोठं असलं की आत घेता येतं, लहान असलं की वाढवता येत नाही. मिस्त्री, तू चार चुण्या घाल की त्याला!

मिस्त्री : आमच्यात उलटा कारभार, मावशी. मोठ्या शेगडीचा धूर ह्या पाइपात मावायचा नाही. परत खोलीत येईल. झोपेत जिवावर बेतेल. मी नाही जोडणार.

मुलगी : झालं. आई, बॅग भर. घर गरम झालं नाही तर थंडीभर माझ्याकडे, असं ठरलंय आपलं.

आई : तुझ्याकडे मशीन चालवलं की खालच्या मजल्यावरचे दार ठोठावतात. मशीन बंद ठेवून मी काय भिंतींशी बोलत बसू?

मुलगी : आणि इथं? गेल्या थंडीत बोटं आखडली, सुई धरता येईना, तरी मला फोन नाही. शेजारच्या काकूंकडून कळलं. माझा जीव टांगणीला लागतो गं!

मिस्त्री : मी मध्ये बोलू का, ताई? अजून पेटवलेली नाही, दुकानदार बदलून देईल. सहा इंची तोंडाची लहान शेगडी मिळते. मी पाइप साफ करून देतो, धूर सरळ वर जाईल. फक्त ही मशीनची खोलीच तापेल. पलीकडची नाही.

मुलगी : मग प्रश्नच मिटला! आईची खाटही इथंच आहे.

आई : नको. पलीकडची गार राहील.

मुलगी : राहू दे. तिथं कोण असतं?

आई : तू. येतेस तेव्हा.

मुलगी : ...म्हणून आठ सांगितलंस?

आई : गेल्या खेपेला कोट घालून झोपलीस, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलीस. म्हटलं, शेगडी मोठी असली तर दोन दिवस जास्त राहशील.

मुलगी : आई, तू पण ना! तोंडानं सांगायचं होतंस. मिस्त्री, लहानच आणा.

मिस्त्री : शनिवारी बसवतो.

मुलगी : मग शनिवारी मी येते. सोमवारची रजा टाकते. झोपेन इथंच, तुझ्या खाटेशेजारी.

आई : खाली? फरशी बर्फासारखी असते! थांब, गादी शिवते तुला. उभी राहा बघू, माप घेऊ दे.

(आई गळ्यातली टेप काढते. मुलगी पाठ ताठ करून उभी राहते.)

मुलगी : घे. आणि दोन बोटं सैल ठेव.