चौकीत दिलेलं जावयाचं वाण

समारंभाच्या अध्यक्ष उपायुक्त मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, वाहतूक शाखेतून निवृत्त होणारे फौजदार नत्थुजी ढोले, सौ. दुर्गाबाई आणि राजापेठेत गाडी लावायला जागा मिळाली म्हणून इथवर पोचलेल्या बंधुभगिनींनो,

मी नत्थुजींचा व्याही. अकोल्याला वकिली करतो. म्हणजे त्यांनी पकडायचं आणि मी सोडवायचं, असं आमचं नातं.

आत्तापर्यंत सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. तुम्हाला काय जातं? तुमचा मुलगा त्यांचा जावई नाही! मागच्या अधिक महिन्यात माझा शुभम सूनबाईला, पौर्णिमाला, घेऊन सासुरवाडीला निघाला. वाटेत बडनेऱ्याला मित्राकडे जेवण झालं, आणि जेवणाआधी जे होतं तेही झालं. पुढे नाक्यावर ड्युटीला कोण? सासरे. त्यांनी यंत्र पुढे धरलं आणि अत्यंत आदराने म्हणाले, "जावईबापू, फुंका."

शुभमने फुंकलं. कलम एकशे पंच्याऐंशी लागलं. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इथवर ठीक. पण अधिकातलं वाण चुकू नये म्हणून या गृहस्थांनी घरून ताट मागवलं, आणि चौकीतच, सगळ्या शिपायांसमोर, जावयाला ओवाळून दुपट्टा नि अनारसे दिले. त्यांच्या मनात काडीची चेष्टा नव्हती. शुभमला मात्र ते ताट केसपेक्षा जास्त झोंबलं. तो सासरी जाईना, आणि त्याच्या रुसव्यापायी पौर्णिमाचं माहेर तुटलं. दुर्गाबाईंनी ते कसं सोसलं, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

कोर्टात उलटतपासणी मीच घेतली. विचारलं, स्वतःच्या जावयाला समज देऊन सोडता आलं नसतं का? नत्थुजी म्हणाले, "वकीलसाहेब, बाजूच्या सीटवर माही पोरगी बसून होती. दुसऱ्याच्या पोरींसाठी रोज गाड्या अडवतो. तिच्यासाठी कावून नाही?"

मी उलटतपासणी तिथेच संपवली. शुभमने गुन्हा कबूल केला, दंड भरला. लायसन्स निलंबित झालं तेव्हापासून गाडी पौर्णिमा चालवते, आणि लायसन्स परत मिळालं तरी चावी काही परत मिळालेली नाही.

आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने माफ करावं. नत्थुजींकडून माफीची अपेक्षा मी अनुभवाने सोडली आहे. फक्त एक विनंती. आपल्या वऱ्हाडात सासरा जावयाच्या पाया पडतो. शुभम आज स्वतःहून आला आहे, आणि त्याला याच्या उलट करायचं आहे. तो बघा, वर येतो आहे. नत्थुजी, पाय मागे घेऊ नका.