सेल्वीची नजर

२००५ सालची गोष्ट. चेन्नईच्या मांबलम स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत दोन मुली मराठीत बोलताना ऐकून निवृत्त मास्तर कृष्णकांतांनी कान टवकारले.

"रुचा, दर मॅचला तीस पॉइंट करणारी विजयालक्ष्मी काल बास्केटबॉलच्या सेमीफायनलला सहावरच अडकली!"

"त्या बुटक्या सेल्वीने अडवली. ऋजुता, तिने चेंडूकडे एकदाही बघितलं नाही गं."

"मग बघत कुठे होती?"

"कमरेकडे. हात फसवतात, डोळे फसवतात. कंबर वळली की माणूस तिकडेच जातो."

रांग पुढे सरकली. मास्तर जागचे हलले नाहीत.

"आणि उद्या फायनलला ती तुला अडवणार!"

"झोप उडालीय माझी."

"मग कोचना सांग ना, जागा बदलून देतील."

"सांगितलंय. म्हटलं, काही झालं तरी मला तिच्यासमोरून हलवू नका."