खांदेमळणीचा ओढा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि कारखान्याचे मालक माननीय विजयसिंहराव, सरपंच गहिनीनाथजी, उद्यापासून कारखाना सांभाळणारे नवे व्यवस्थापक पंडितराव, ज्यांना निरोप द्यायला जमलो ते आपले आजवरचे व्यवस्थापक राजेश्वरअप्पा, आणि या पत्र्याच्या शेडखाली घामाघूम होऊन बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. मी गावच्या शाळेत शिकवते, चार शब्दांत थांबायची सवय नाही. त्यातून निवृत्तीचं वय इतकं लांब असलेल्या माणसाला निरोप देताना बोलायचं तरी काय? पत्रिकेत 'स्वेच्छानिवृत्ती' छापलंय. इच्छा कोणाची, हे अशा दिवशी विचारू नये.

आपल्या कारखान्यात लोखंडी पाइपांना जस्ताचा मुलामा देतात. त्याआधी ते तेजाबात धुऊन आवारात निथळत ठेवतात. हे मलाही कुठं ठाऊक होतं? काही वर्षांपूर्वी खांदेमळणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, गावानं रिवाजाप्रमाणे बैल ओढ्यात धुतले आणि पोळ्याला बैलांच्या पाठीपोटावर फोड उठले. छबुबाईंच्या सोन्या बैलाच्या अंगावर झूल ठरेना. कोणी म्हणालं, नजर लागली. बाकीच्यांनी कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाला बोल लावला. तपासणीचे साहेब आले ते उन्हाळ्यात. नळ कोरडा बघितला, चहा घेतला, गेले.

अप्पा मात्र पावसासाठी थांबले. झड लागली तेव्हा छत्री घेऊन आवारात उभे राहिले आणि तशाच चिखलाच्या पायांनी शाळेत आले. "बाई, प्रयोगाच्या पेटीतले लिटमसचे कागद द्या." आवारातल्या पाण्यात निळा कागद लालभडक झाला. नळ तर बंदच होता! सांडलेलं तेजाब, गंज, राख, सगळं पाऊसच धुऊन फाटकाखालून ओढ्यात नेत होता. आणि आम्ही शहाणे नळावर डोळा ठेवून बसलेलो.

मग अप्पांनी निथळायच्या जागेवर पत्रे घातले, छपराचं चांगलं पाणी वेगळ्या नालीनं बाहेर काढलं आणि आवाराचं पाणी अडवायला खालच्या भिंतीशी तळं बांधलं. तिथं चुना टाकायचा, पाणी निवळू द्यायचं आणि कागद लाल होत नाही हे बघूनच सोडायचं.

पण पुढच्या खांदेमळणीला ओढ्यात बैल घालतंय कोण? सगळे काठावर. छबुबाई म्हणाल्या, "अप्पा, जनावराला बोलता येत न्हाई. आधी तुमी उतरा, मंग माझा सोन्या उतरंल."

अप्पांनी विजार दुमडली आणि उतरले. आपले सरपंच काठावरून ओरडले, "अप्पा, शिंगं कुठंयत? रंग आणलाय!" लई हसलो आम्ही. छबुबाई हसल्या नाहीत. अप्पांच्या पायांकडे बघत बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी सोन्याचा कासरा सैल सोडला.

आता परदेशची मागणी आली आहे. आनंद आहे. माझ्या हाताखालून गेलेली मुलं इथं कामाला आहेत. कारखान्याचं वाईट माझ्या मनात कसं येईल? पण गोदामाला जागा हवी ती नेमकी तळ्याची. मुरमाच्या गाड्या फाटकाशी उभ्याच आहेत. अप्पा 'नाही' म्हणाले, आणि आज आपण त्यांना शाल पांघरतोय. ही शाल बघताना मला सोन्याची झूल आठवते. मन काही थाऱ्यावर नाही.

पंडितराव, मघाशी तुम्ही मला गावच्या चालीरीती विचारल्यात. एवढी एकच सांगते. पावसाळा तोंडावर आला आहे, त्यामागून पोळा येईल. छबुबाई सोन्याला घेऊन ओढ्यावर येतील आणि अप्पांना म्हणाल्या तेच तुम्हाला म्हणतील. विजयसिंहराव, तुम्हीही या. विजार गुडघ्यापर्यंत दुमडेल अशी घाला. अप्पा, तुम्ही काठावर बसा. उतरायची पाळी आता तुमची नाही.

मानानं बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. तळं तेवढं राहू द्या.