सांजचं पाणी

नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात भार्गवी चष्म्यासाठी थांबली होती. शेजारी सीनेकाठच्या गावातल्या दोघी जावा बसल्या होत्या. थोरल्या राहीबाईंनी मोतीबिंदूपायी दोन वर्षं अंधारात काढली होती. आज त्यांच्या डोळ्यावरची पट्टी निघणार होती.

“हौसा, घरी गेलं की आदी नदीवर जाऊ. देवळाच्या पायरीला पानी लागलंय म्हनालीस ना?”

“बाई, एक सांगू? रागवू नका.”

“सांग की.”

“दोन वर्सं झाली, नदीला पानीच न्हाई. मी रोज सांजच्याला तुमास्नी खोटंच सांगत हुते.”

“आन देवळाच्या छतावर पान्यावरनं उन्हाची तिरीप हलती म्हनायचीस, ते?”

“ते मी नवी नवरी हुते तवा बगितलं हुतं. तेच सांगायची.”

राहीबाईंनी डोळ्यावरच्या पट्टीवरून हात फिरवला. भार्गवीने हातातला मोबाईल पर्समध्ये ठेवला.

“बाई, रागावलाव व्हय?”

“न्हाई गं. मला तर ती तिरीप रोज दिसायची.”

“राहीबाई, आत या,” नर्सने हाक मारली.

हौसाने हात धरून त्यांना उठवलं. दाराशी राहीबाई थांबल्या.

“हौसा, सांजच्याला पायरीवर बसू. मी डोळं मिटून घेते. तू सांग.”