जीप उभी होती ती जागा

आमी मूळचे तासगावकडचे. शिकलगार. म्हंजी माझा बाप आणि त्याचा बाप, सुऱ्या-विळ्यांना धार लावायचे, खांद्यावर ते लाकडी चाक घेऊन गावोगाव हिंडायचे, बाया विळ्या-कोयते घेऊन यायच्या, बाप पायानं चाक फिरवायचा आणि ठिणग्या उडायच्या. बापाला लोक दारात बसवून घ्यायचे, च्या द्यायचे, कप वेगळा असायचा पण च्या असायचा. मला तोबी न्हाई. मी भंगारवाला. धार लावणारा घरात काय तरी देऊन जातो आणि मी घेऊन जातो, मग मोल देऊन का घेईना, लोकांच्या डोळ्याला मी चोरच दिसतो. हे मी रागानं सांगत न्हाई. न्हाई, रागानंच सांगतोय, लिवा तसं.

माझं नाव दस्तगीर. पहिल्यांदा सायकल हुती, मग हातगाडी, मग हा टेम्पो. टेम्पोवर भोंगा हाय, त्यातला आवाज माझाच, एकदा भरून घेतला, तवा घसा चांगला हुता. विटा, कडेगाव, औंधच्या अंगाला, तिकडं साताऱ्यापतोर फिरतो. पाचगणीला जात न्हाई. तिथली जुनी जीप भंगारात येतच न्हाई, रंग मारून हॉटेलाच्या दारात ठेवत्यात आणि पर्यटक तिच्यात बसून फोटो काढत्यात. आपलं काम रानातल्या गाड्यांचं. ट्रॅक्टर, ट्रॉली, जुनी डिझेल इंजिनं, मळणी मशीन, उसाचा चरक, जे बंद पडलं आणि बांधाला लावलं आणि तिथंच राहिलं ते.

काय सांगू तुमाला, एक गाडी रानात उभी राहिली की ती गाडी राहत न्हाई. कोंबड्या आत अंडी घालत्यात, बाया टपावर मिरच्या वाळवत्यात, चाकं मातीत जात्यात, सीटमध्ये मुंगूस राहतं. मालक म्हणतो दुरुस्त करायची हाय. दरवर्षी म्हणतो. मी विचारलं की अंगावर येतो, म्हणतो अजून इंजिन सेलवर चालू हुईल, आणि इंजिनाच्या जागी चिमणीचं घरटं असतं. पोरगं शहरातनं आलं की मला बोलावणार, आणि मी आलो की म्हातारा काठी घेऊन उभा. दोघांचं भांडण, शिव्या मला. इतकी वर्षं झाली, मला शेतकऱ्यांची दया येत न्हाई. त्यांनाबी माझी येत न्हाई, फिटलं.

आमच्या धंद्यात एक पद्धत हाय. गाडी उचलायच्या आधी मालकानं तिच्यावर नारळ फोडायचा आणि नंबरची पाटी स्वतःच्या हातानं काढून घरात न्यायची. मग आमी हात लावणार. कुणी घातली ही पद्धत ठाऊक न्हाई, पण नारळ फुटला म्हंजी घरातल्यांचं मन तुटलं, मग मागनं कुणी रडत येत न्हाई. आमचा धर्म वेगळा, नारळ त्यांचा, पण पद्धत आमची. माझा मेव्हणा रज्जाक माझ्याबरोबर असतो, तो नारळाशिवाय साखळी काढत न्हाई. त्या दिवशी तो म्हणला हुता, भाई, नारळ न्हाई झाला. मी म्हणलं, चल रं, ऊन लय हाय.

त्या दिवशी म्हंजी काय, औंधच्या पलीकडं एक गाव हाय, नाव नगा लिवू. तिथं एक सुभेदार हुता, फौजेतनं आलेला, वारला. त्याला दोन पोरं. थोरला आबासाहेब, गावातच, शेती बघतो, गावात वजन हाय. धाकटा संपत, साताऱ्याला कारखान्यात जातो, सुट्टीला घरी येतो, त्याची बायको सुनंदा इकडं रान करती. आबासाहेबाचा फोन आला, वडिलांची जीप हाय, घेऊन जावा. गेलो. रानाच्या मधोमध उभी, एकटी, ना झाडाखाली ना गोठ्याला लागून. बॉनेटवर झेंडूचा वाळलेला हार हुता, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घातलेला. आबासाहेबानं तो हार ओढून बांधावर फेकला. मी विचारलं, गाडी कुणाची. म्हणला, बापाची, मी थोरला, हे गाडीचं पुस्तक. मी म्हणलं, नारळ. म्हणला, मला येळ न्हाई, तुमाला पायजे असंल तर उचला, न्हाईतर दुसरा भंगारवाला बोलावतो.

आमी तीन पाइपांचा घोडा उभा केला, वजन वर ओढायची चेन कुप्पी टांगली, मातीत रुतलेली चाकं खोऱ्यानं मोकळी केली आणि जीप वर घेतली. खाली चार खड्डे राहिले. टेम्पोत चढवून रस्त्याला लागलो तवा मागं ट्रॅक्टरचा आवाज आला. वळून बघितलं, आबासाहेब रोटावेटर फिरवत हुता, थेट त्या चार खड्ड्यांवरनं. मला वाटलं, उन्हाळ्याची मशागत चालली असंल. दुसरं काय वाटणार?

दुसऱ्या दिवशी माझ्या गोडाऊनला चार मोटारसायकली आल्या. पुढं संपत. खाली उतरला आणि माझी गचांडी धरली. म्हणला, ए भंगारवाल्या, चोरा, माझा बांध कुठं हाय, दे. मला कळंना. मी म्हणलं, मी बांध न्हाई आणला, जीप आणली. तर म्हणला, तीच.

मग कळलं. सुभेदारानं मरायच्या आधी पोरांची वाटणी केली ती तोंडी. सातबारा दोघांचा एकत्रच. म्हाताऱ्यानं काय केलं, एक दिवस जीप चालू केली, शेवटची, रानात घातली, मधोमध नेऊन बंद केली, चावी खिशात टाकली आणि पोरांना म्हणला, जीपच्या अलीकडं थोरला, पलीकडं धाकटा, आता भांडू नगा. फौजेत ड्रायव्हर हुता, त्याला वाटलं जीप लावली म्हंजी हद्द लागली. दगड नको, कुंपण नको. आणि रानातली विहीर जीपच्या पलीकडं, धाकट्याच्या वाटणीला. विहीर जवळ, जीपपासनं दहा-वीस पावलांवर. आता जीप न्हाई, खड्डे न्हाई, आणि थोरला म्हणतो, जीप विहिरीच्या पलीकडं हुती. विहीर माझी.

सांगा, मी गाडीचं सगळं विचारलं, कुणाची, कुठली, पुस्तक कुठंय. जागेचं कोण विचारतं? तुमी विचारलं असतं? संपतच्या घरचे त्या दिवशी लग्नाला गेलेले, थोरल्याला ते ठाऊक हुतं, म्हणून तर नारळाला येळ नव्हता. पण मला चोर म्हणायला संपतला येळ हुता. बरं झालं, कटरचा गॅस संपलेला हुता म्हणून जीप अजून कापली नव्हती.

त्यांनी मला जीपसकट रानात नेलं. गावातली जाणती माणसं जमलेली, थोरल्याचीच जास्त, एका अंगाला सावली धरून बसलेली. मला उन्हात उभं केलं. एक जण म्हणला, सांग, जीप कुठनं उचललीस. रान सगळं एकसारखं, काळं, उलटलेलं. मी म्हणलं, हितं घोडा लावला हुता, विहिरीच्या अलीकडं. हात करून दाखवलं. आबासाहेब हसला. म्हणला, सकाळी संपतनं ह्याची गचांडी धरली आणि आता ह्याला जागा आठवली. त्याची माणसं हसली. मला वाटलं, संपतची बाजू तरी माझ्याकडनं बोलंल. तर सुनंदाबाई पुढं आली. दर खंडेनवमीला जीपला हार घालायची ती हीच. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणली,

आज तोंड उघडलंस व्हय? काल साखळी अडकवताना कुठं गेलं हुतं?

 मग एक म्हातारा उठला, पांढरा फेटा, दोन्ही बाजूंचा पाहुणा, मला वाटलं हा तरी न्याय करंल. तो म्हणला, भंगारवाल्याच्या बोटावर जमिनी ठरायला लागल्या तर गावानं मान खाली घालायची का? सगळे म्हणले, बरोबर हाय. धुरळा झटकला आणि उठले. कुणी म्हणलं, मोजणी आणा. तर मोजणी आणून काय मोजणार, कागदावर वाटणीच न्हाई.

जीप परत लावायची असं ठरलं. कुठं, तर थोरला दाखवंल तिथं. विहिरीच्या पलीकडं. आणि लावायची कुणी, तर मी. माझ्याच घोड्यानं, माझ्याच चेन कुप्पीनं, मी ती जीप खोट्या जागेवर उतरवली. सुनंदाबाई बांधावर उभी राहून बघत हुती, मी तिच्याकडं बघितलं न्हाई. थोरल्यानं लगेच विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं. परत निघालो तवा वेशीपाशी दोघं जण पाटी रंगवत हुते. गावात भंगारवाल्यांना बंदी. रंग ओला हुता. रज्जाक म्हणला, भाई, वाच काय लिवलंय. मी म्हणलं, तूच वाच, मला दिसत न्हाई.

एका गावानं पाटी लावली की शेजारचं गाव लावतं. पुढल्या महिन्यात त्या रस्त्यावर अजून पाट्या दिसल्या. भोंगा ऐकला की माणसं बाहेर येऊन टेम्पोत डोकावून बघायची, आमचं काय न्हाई ना घेतलं. एकानं टेम्पोतनं गंजकं खुरपं उचललं आणि म्हणला, हे माझं. त्याचं नव्हतं. मी दिलं. रज्जाक घरी बसला काही दिवस, म्हणला, मला अशा लोकांत यायचं न्हाई. मी म्हणलं, बस. मी घरात बसलो तर खायला कोण घालणार हाय.

मग पाऊस झाला, रानं वापशाला आली, आणि थोरल्यानं त्या रानात शाळू पेरला. सगळ्या रानात, संपतच्या अंगालाबी, विहिरीपतोर. मी त्या रस्त्यानं जात हुतो, गावात न्हाई, गावाबाहेरनं, वरच्या रस्त्यानं. रस्ता उंचावर हाय, रान खाली दिसतं. शाळू गुडघ्याला आलेला, हिरवागार. आणि मधी एक जागा मोकळी. बाजल्याएवढी. त्यात एक कोंब न्हाई, गवत न्हाई. कडेचा शाळू पिवळा पडलेला. विहिरीच्या अलीकडं, मी बोट केलं हुतं तिथंच. मी टेम्पो उभा केला. आता ह्यात माझी हुशारी न्हाई, कुणीबी सांगंल, जुनी गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की इंजिनातलं तेल गळतं, डिझेल गळतं, खालची माती मरती. काळ्या रानात ते त्या दिवशी कुणाला दिसलं न्हाई, मलाबी न्हाई. रोटावेटरनं खड्डे गेले, तेल कुठं जाणार.

माझ्याआधी दोन माणसं रस्त्यावर उभी हुती, गावातलीच. बघत हुती. मला ओळखलं. एक म्हणला, उगवलं न्हाई. मी म्हणलं, दिसतंय. एवढंच बोलणं झालं.

नंतर ऐकलं की थोरल्यानं त्या जागेत शेणखत घातलं, परत बी टाकलं, पाणी दिलं. न्हाई आलं. येणारा-जाणारा वरनं बघायचा. कुणी त्याला तोंडावर काय म्हणलं न्हाई, त्याचं वजन हाय ना. पण शाळू काढून झाल्यावर त्यानं नांगर घातला तो त्या जागेपतोरच, पुढं न्हाई. आणि विहिरीच्या पेटीचं कुलूप एक दिवस नव्हतं. माफी न्हाई, बैठक न्हाई. सुनंदाबाईनं मोटार चालू केली, पाणी घेतलं.

संपतचा फोन आला. दस्तगीरभाई म्हणला. त्या दिवशी ए भंगारवाल्या हुतो, आता भाई झालो. म्हणला, तुमी खरं बोलला हुता, लय वाईट वाटतंय, या एकदा च्या प्यायला. मी म्हणलं, संपतराव, वेशीतली पाटी काढा, मग येतो.  म्हणला, पाटी गावाची हाय, माझ्या एकट्याची न्हाई. मी म्हणलं, मला चोर म्हणताना गावाला कुठं विचारलं हुतंत. त्यानं फोन ठेवला. का मीच ठेवला.

पाटी अजून हाय. उन्हानं रंग उडालाय, पण वाचता येती. जीपबी खोट्या जागेवर उभी हाय, तिला आता कुणी हात लावत न्हाई, थोरला न्हाई, धाकटा न्हाई, आणि हार कुणी घालत न्हाई. सुनंदाबाई म्हणं खंडेनवमीला त्या मोकळ्या मातीवर झेंडूची दोन फुलं ठेवती.

मी अजून फिरतो. रज्जाक परत आला, खाणार काय. आता गाडी उचलायची तर मी पहिल्यांदा शेजारच्या रानवाल्याला हाक मारतो, त्याला उभा करतो, मग नारळ, मग नंबरची पाटी, मग साखळी. लोक म्हणत्यात, भंगारवाला लय नाटकं करतो. करतो. त्या गावाच्या अलीकडं भोंगा बंद करतो आणि पलीकडं गेलो की चालू करतो. जाताना खाली बघतो, ती जागा मोकळीच असती. देव दोघा भावांचं भलं करो, त्यांच्या विहिरीला पाणी राहू दे. पण ती जीप गंजून पडली तरी मला बोलावू नये, एवढंच मागणं हाय.