बिनआवाजाचा फोटो

नाही रे, फोन बिघडलेला नाही, चांगला ठणठणीत आहे — बिघडला असता तर बरं झालं असतं, तोंड तरी मिटलं असतं त्याचं. फोटो काढताना तो खट्ट करतो ना, तेवढं बंद करून दे. सगळा फोन मुका नको करूस, लेकीचा फोन येतो संध्याकाळी. फक्त ते खट्ट. आवाज बारीक करून पाहिला, नातीनं करून दिला, तरी वाजतंच. म्हणाली, आजी, ते त्या कॅमेऱ्याच्या पोटातच आहे, दुकानात दाखव. म्हणून तुझ्याकडे आले. घे. मला अक्षर येत नाही, पण कॅमेऱ्याचं चित्र कुठं असतं ते बरोबर ठाऊक आहे — ते बघ, खाली, कडेला.

कशाला म्हणजे? तू काय पोलीस आहेस? आमच्या ह्यांचा फोटो काढायचाय. कार्डावर लावायला. — असा बघू नकोस. कार्डाचा फोटो समोर बसवून काढतात, चोरून काढत नाहीत, तेवढं मलाही कळतं. बरं, नाही कार्डाला. घरात एक असावा म्हणून. चौकात फोटो स्टुडिओ होता, आठवतो? आता तिथं चपलांचं दुकान आहे — तो स्टुडिओ आमच्या ह्यांचा. तुझ्या आईबापाच्या लग्नाचे फोटो ह्यांनीच काढले असतील, विचार घरी. 'हनुवटी वर, खांदे सैल, इकडे बघा' — जन्मभर दुसरं बोलणं नाही. रडकी पोरं चमचा वाजवून हसवली, भांडून आलेली नवरा-बायको जवळ जवळ बसवली, आणि ह्यांचा स्वतःचा एक फोटो घरात शोधून दाखव. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लग्नातला आहे, नाही असं नाही — त्यात मी आहे, हार आहे, आणि ह्यांची पाठ आहे. फोटो काढणाऱ्याला उजेड चुकतोय म्हणून सांगायला उठून गेले होते. स्वतःच्या लग्नात. तिथंच मी ओळखायला हवं होतं.

मी काढायला जाते तर पहिला माझ्या हातून हलतो, नाहीतर बोट येतं मध्ये. आणि एकदा का खट्ट वाजलं की दुसरा मिळत नाही, ह्यांचा हात आलाच तोंडापुढं. कानानं कमी ऐकू येतं बरं का. भाजी आणा म्हटलेलं तर मुळीच ऐकू येत नाही. पण हे खट्ट झोपेतसुद्धा ऐकू येतं, आणि लगेच — 'उजेड पाठीमागं ठेवलास का?' नात काढायला गेली तर तिलाच फोन कसा धरायचा ते शिकवत बसले. तासाभरानं तिचा फोटो झकास आला, ह्यांचा नाहीच. आणि फार मागं लागलं की तोंड असं करतात, जसं काही दात उपटायला बसवलंय.

आणि बोलायला कोण पुढं? हेच. माणूस गेला की लोक स्टुडिओत यायचे. कुठल्या तरी लग्नातला घोळका आणायचे — ह्यात मागून तिसरा, तो कान दिसतोय ना, ते आमचे वडील, मोठे करून द्या. किती बाप कानावरून मोठे केले ह्यांनी. कोट दुसऱ्याचा, मान तिसऱ्याची, मिटलेले डोळे ब्रशनं उघडायचे. आणि घरी येऊन मला सुनवायचे, 'जिवंतपणी बापाला समोर बसवायला फुरसत नव्हती, आता आले मोठा करायला.' मी ऐकलंय ते, पाटपाणी घेताना, रोज. मग आता मी काय करू? मीसुद्धा पाठ घेऊन जाऊ कुणाकडे, ह्याला पुढून वळवून द्या म्हणून?

काय? — नाही, तसं काही नाही. ठीक आहेत. खोकला आहे. म्हणजे ह्यांना खोकला म्हणून सांगितलंय. डॉक्टरनं मुलाला बाहेर नेलं, मुलगा आत आला तो तोंड धुऊन आलेला. मला वाचता येत नाही म्हणून त्याला वाटतं तोंडही वाचता येत नाही. आणि सून, ती तर हुशार — परवा बाहेरच्या खोलीतलं कॅलेंडर उतरवलं आणि खिळा तसाच ठेवला. म्हटलं, हा कशाला? म्हणे असू द्या, लागेल. घरात सगळ्यांना कळलंय, फक्त ज्याचा जीव आहे त्याला सोडून. कुठं बोलू नकोस हे, तुझ्याकडे सगळं गाव येतं.

झालं? दुसरं अ‍ॅप टाकलंस? आणि हे वाजत नाही? काढ बघू एक. — अरे काढ की. — काढलास? कधी? मी तर बोलत होते. दाखव.

ही मी? चांगला आलाय, सुरकुती न् सुरकुती आलीय. पण ही बघतेय कुठं? तुझ्याकडे नाही, फोनकडे नाही, त्या टांगलेल्या वायरींकडे डोळे लावून उभी आहे, पिशवी पोटाशी धरून. कुणी आपल्याला बघतंय हे तिच्या गावीही नाही.

ह्यांचाही असाच येणार म्हण की. खुर्चीत, तोंड खिडकीकडे. मग तो भिंतीवर. मी समोर बसून जेवायचं, बोलायचं, आणि हे आपले खिडकीकडे. एवढ्या माणसांना इकडे बघा म्हणाला तो माणूस, आणि मला जन्मभर ह्यांचा कान बघत बसायचं.

काढ ते. हो, ते अ‍ॅप, काढून टाक. खट्ट होतं तसं राहू दे, मोठं कर हवं तर. मी समोर जाऊन उभी राहते आणि म्हणते, अहो, इकडे बघा. विचारतील कशाला. विचारणारच, तो माणूस उगाच कुणाला बसू देत नाही. मग मी सांगेन की — 

तुला काय करायचंय मी काय सांगेन ते? त्या बाई केव्हाच्या ताटकळल्यात, त्यांचं बघ. आणि तो माझा फोटो आधी पूस.